मुलं आणि मंडळी: पालकांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न

पुण्यातल्या एका मराठी मंडळीच्या (म्हणजे एका चर्चच्या सभासदांच्या समुदायाच्या) संडे स्कूलमध्ये मी बावीस वर्षं शिकवते आहे. उपासना सुटल्यावर चपला घालता घालता, लग्नाच्या पंगतीत, आणि आता रात्री साडेदहाला व्हॉट्सअ‍ॅपवर पालक जे विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. उत्तरं आमच्या, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया या प्रोटेस्टंट चर्चच्या पठडीतली आहेत. कॅथोलिक वाचकांसाठी जिथे फरक पडतो तिथे तसं सांगितलं आहे.

१. संडे स्कूल आहे ना? मग घरच्यांनी वेगळं काय करायचं?

हिशोब करू. पाऊण तासाचा वर्ग, सुट्ट्या आणि पाऊस वजा जाता वर्षाचे चाळीस रविवार. झाले तीस तास. एवढ्यात मुलाला पोहताही येत नाही. बायबलमधल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात देवाची वचनं मुलांच्या मनावर बिंबवायला सांगितलं आहे, ते घरी बसताना, वाटेनं चालताना, निजताना आणि उठताना. तिथे वर्गाचं नावही नाही. आम्ही गोष्ट सांगतो, सोनेरी वचन पाठ करून घेतो, चित्र रंगवून घेतो. पण त्या गोष्टीतला देव आपल्या आईबाबांना खरा वाटतो की नाही, याची परीक्षा मूल घरी घेतं. रिक्षावाल्याशी तुम्ही कसं बोलता यावरूनसुद्धा.

२. लहान मुलाला मोठ्यांच्या उपासनेत बसवलं तर त्याला काय कळणार?

शब्द कळणार नाहीत. बाकी पुष्कळ कळेल. आमच्याकडे एक साडेतीन वर्षांचा मुलगा आजोबांच्या मांडीवर बसून छताचे पंखे मोजायचा. प्रभुभोजनाच्या (ख्रिस्ताच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घेण्याच्या विधीच्या) वेळी आजोबा गुडघे टेकायला निघाले की हा त्यांची काठी धरायचा. का धरायची, कधी परत द्यायची, सगळं त्याला ठाऊक होतं. आजोबा गेले. मुलगा आता सातवीत आहे, आणि वेदीकडे जाताना त्याचा हात अजून काठीसाठी पुढे होतो.

बायबलमधल्या यहोशवाच्या पुस्तकाच्या चौथ्या अध्यायात यार्देन नदीतून बारा धोंडे आणून रचतात, ते पुढे मुलं विचारतील, 'हे धोंडे कसले?' म्हणून. प्रश्न पडायला आधी धोंडा दिसावा लागतो. मूल मागच्या हॉलमध्ये क्रेयॉन घेऊन बसलेलं असेल तर त्याला काही दिसत नाही. म्हणून महिन्यातून किमान एक रविवार सगळी मुलं पूर्ण उपासनेत हवीत असं माझं मत आहे, आणि त्यावरून दोन पाळकसाहेबांशी (चर्चच्या धर्मगुरूंशी) माझे वाद झालेले आहेत.

व्यवहाराची गोष्ट: शेवटच्या बाकावर बसू नका. तिथून मुलाला फक्त पाठी दिसतात. दुसऱ्या-तिसऱ्या ओळीत कडेला बसा. रडलं तर बाहेर जा आणि शांत झालं की परत या. परत यायलाच लोक लाजतात.

३. बाळाचा बाप्तिस्मा करावा की मोठं होऊन त्यालाच ठरवू द्यावं?

आमच्या चर्चमध्ये दोन्ही चालतं, आणि त्यामागे इतिहास आहे. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा परंपरा एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं. त्यात बाळांना बाप्तिस्मा देणारे अँग्लिकन होते आणि न देणारे बॅप्टिस्टही. कोणी कोणाला चूक न ठरवता दोन्ही रीती ठेवल्या गेल्या. मोठेपणी बाप्तिस्मा घेणाऱ्या कुटुंबात बाळाचं समर्पण करतात.

माझा आग्रह वेगळ्याच गोष्टीसाठी आहे. धर्मपिता आणि धर्ममाता, म्हणजे बाप्तिस्म्याच्या वेळी मुलाच्या विश्वासाची जबाबदारी घेणारे, याच मंडळीतले निवडा. दुबईचा मामा फोटोत छान दिसतो, पण मूल चौदा वर्षांचं होऊन तुमच्याशी बोलेनासं होईल तेव्हा त्याला रविवारी भेटणारं, घराबाहेरचं एक मोठं माणूस लागेल.

४. घरी प्रार्थना कशी करायची? आम्हाला शब्द सुचत नाहीत.

दहा मिनिटं पुरतात. एक भजन, शास्त्रातली सात-आठ वचनं, मग नावं घेऊन प्रार्थना, शेवटी सगळ्यांनी मिळून प्रभूची प्रार्थना. जेवणाआधी करा. जेवणानंतर एक जण भांड्यांना लागतो, एक जण मोबाइलला. सुरुवात मुलाला करू द्या. त्यानं कुत्र्याच्या पायासाठी प्रार्थना केली तर हसू नका, दुसऱ्या दिवशी 'पाय कसा आहे?' विचारा. प्रार्थनेतून मुलाला टोमणा मारणं ('प्रभू, हिला अभ्यासाची बुद्धी दे') ताबडतोब बंद करा. मुलांना ते बरोबर कळतं.

५. मुलं इंग्रजी शाळेत जातात, मराठी उपासना त्यांना कळत नाही. इंग्रजी चर्चमध्ये न्यावं का?

सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न हाच. नेलंत तर पाप नाही. पण नेण्याआधी काय सुटतंय ते बघा.

फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्लंडचे जेझुइट (एका कॅथोलिक धर्मसंघाचे धर्मगुरू) १५७९ मध्ये गोव्यात आले आणि तिथली भाषा शिकले. १६१६ मध्ये त्यांचं ख्रिस्ताची कथा सांगणारं मराठी 'ख्रिस्तपुराण' गोव्यातल्या राचोलला छापून झालं. जवळपास अकरा हजार ओव्या. नव्यानं ख्रिस्ती झालेल्यांची जुनी पुराणं सुटली होती, त्यांना आपल्या भाषेत ऐकायला-गायला काहीतरी हवं होतं. पुढे १६८४ मध्ये पोर्तुगीज सत्तेनं स्थानिक भाषेविरुद्ध फर्मान काढलं. त्या काळी छापलेली एकही प्रत आज मिळत नाही. तरी ग्रंथ टिकला, कारण ख्रिस्ती कुटुंबांनी हातानं उतरवून घेतलेली बाडं जपली. १९०७ ची मंगळूरची आवृत्ती अशाच हस्तलिखितांवरून निघाली. म्हणजे मधली दोनअडीचशे वर्षं हे पुस्तक घरांनी सांभाळलं.

आपल्या उपासनेत रेव्हरंड नारायण वामन टिळकांची भजनं आहेत. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, पण अभंग-ओवीचा छंद सोडला नाही. आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असं ते म्हणत. पेटी-तबल्यावर ते भजन सुरू झालं की आजीचा आवाज चढतो. ती आजी इंग्रजी चर्चमध्ये येणार नाही. भाषा बदलली की मुलाच्या शेजारचं हे माणूस उठून जातं, आणि माझ्या मते तोटा आहे तो हा. पालकांना मात्र भीती व्याकरणाची असते.

आम्ही काय करतो? वर्गात सोप्या भाषेतलं बायबल वापरतो, जुन्या भाषांतरातलं एकच वचन पाठ करून घेतो. गीतातले अडणारे शब्द आधी समजावतो. 'करुणासागर' म्हणजे काय हे दुसरीतल्या मुलीनं मला सांगितलं: 'टीचर, दयेचा बीच.' देवनागरी वाचता येत नसेल तर आजी-आजोबांनी बोट ठेवून वाचावं. त्या निमित्तानं दोघं जवळ बसतात.

घरात मराठी बोललंच जात नसेल, आई मल्याळी आणि बाबा मराठी असतील, तर मुलाला कळेल त्या भाषेच्या चर्चमध्ये जा आणि नाताळ, ईस्टर, कापणीच्या सणाला इकडे या. आम्ही रागावत नाही. निदान तोंडावर नाही.

६. भजनं जुनाट वाटतात. गिटार, ड्रम आणले तर तरुण थांबतील का?

गिटारमुळे कोणी थांबलेलं मी पाहिलं नाही. गिटार वाजवायला दिली म्हणून थांबलेले चौघे माहीत आहेत. फरक पुढच्या उत्तरात.

७. मुलांना मंडळीत करण्यासारखं काय असतं?

खरं काम द्या, शोभेचं नको. नाताळच्या नाटकात मेंढरू करणं ठीक आहे, पण वर्षातून एकदाच. बाकीचे एक्कावन्न रविवार?

कापणीचा सण घ्या. लोक भोपळे, गव्हाचं पोतं, कोंबडी, चकल्या, नारळ, कोथिंबिरीची जुडी आणतात आणि उपासनेनंतर लिलाव होतो. आमच्याकडे लिलाव पुकारायला वर्षानुवर्षं एकच काका उभे राहायचे. एका वर्षी त्यांचा घसा बसला, म्हणून आठवीतल्या एका अबोल मुलीच्या हातात माइक दिला. पहिले दोन नारळ तिनं बाजारभावापेक्षा स्वस्तात घालवले. तिसऱ्याला कोणीतरी ओरडलं, 'अगं, देवाचा नारळ आहे, लाजतेस काय!' मग ती जी सुटली! चार अंड्यांचे सातशे रुपये झाले. ज्यांनी घेतली त्यांनी ती परत लिलावात ठेवली. संध्याकाळी पैसे मोजायलाही ती बसली आणि वहीत तिचं अक्षर आहे. आज ती दुसऱ्या शहरात नोकरी करते. कापणीच्या सणाला रजा टाकते. नाताळला आली नाही तरी.

अशी कामं शोधली की सापडतात: दानार्पणाची थैली फिरवणं, शास्त्रपाठ वाचणं (आदल्या दिवशी घरी दोनदा मोठ्यानं वाचून), आजारी सभासदाकडे पाळकसाहेबांबरोबर जाणं. उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला) बारा ते तीन येशूच्या वधस्तंभावरील सात उद्गारांवर मनन असतं. त्यातला 'मला तहान लागली आहे' हा आम्ही तरुण संघाला देतो. सात मिनिटं बोलायचं. एका मुलानं सगळा वेळ त्यांच्या सोसायटीतल्या टँकरबद्दल सांगितलं. ज्येष्ठांना आवडलं नाही. मला त्या दुपारचं तेवढंच आठवतं.

कॅथोलिक घरांत वेदीसेवा आणि गायनवृंद आहेतच. शिवाय मे महिन्यात गावठाणातल्या कुरूसापाशी (क्रुसापाशी) प्रार्थना होतात, तिथे फुलं बांधणं आणि मेणबत्त्या लावणं मुलांकडेच सोपवा.

८. दहावीचं वर्ष आहे, क्लास रविवारी सकाळीच असतो. वर्षभर चर्च बंद ठेवलं तर?

दहावीचं बारावीपर्यंत जातं, बारावीचं सीईटीपर्यंत, आणि मग मूल वसतिगृहात. एका वर्षाची सुट्टी मागणारे पालक तीन वर्षांनी एकटेच येतात. मुलाला यातून एक गोष्ट पक्की समजते: अडचण आली की आधी काय सोडायचं. क्लासवाल्यांशी बोला, बऱ्याच ठिकाणी दुसरी बॅच असते. नसेलच तर संध्याकाळची उपासना किंवा बुधवारची घरगुती प्रार्थनासभा धरा. परीक्षेआधीच्या दोन रविवारी घरी राहिलं तर कोणी हजेरी घेत नाही.

९. मंडळीतली भांडणं, निवडणुका, कोर्टकज्जे मुलांपासून लपवायचे का?

लपत नाहीत. पंचकमिटीच्या (मंडळीचा कारभार पाहणाऱ्या समितीच्या) सभेचा आवाज पार्किंगपर्यंत येतो. घरी परतताना गाडीत जे बोललं जातं तेच मुलांचं खरं प्रवचन. पाळकसाहेबांवर टीका करायची तर मुलांसमोर तेवढंच बोला जेवढं त्यांच्या तोंडावर बोलाल. आणि नंतर समेट झाला तर तोही मुलांना दिसू द्या. एका मंडळीत दोन भाऊ जमिनीच्या वादातून अकरा वर्षं वेगवेगळ्या दारानं आत येत होते. अखेर एका प्रभुभोजनाला एकानं दुसऱ्याला वाट करून दिली. त्यांची मुलं ते अजून सांगतात.

भांडण पैशाच्या अपहाराचं असेल तर 'प्रार्थना करू या' म्हणून मुलाला गप्प करू नका. चूक झाली आहे आणि हिशोब मागितला जात आहे असं सरळ सांगा.

१०. शिबिराला मुलांना पाठवायची भीती वाटते. काय विचारून घ्यावं?

विचारा, आणि संकोच करू नका. प्रत्येक वर्गात आणि खोलीत दोन मोठी माणसं असतात का? मुलींबरोबर बाई आहे का? कोणी एकट्या मुलाला वेगळं बोलावून घेतं का, खासगी मेसेज करतं का? लैंगिक अत्याचारापासून बालकांच्या संरक्षणाचा २०१२ चा कायदा, म्हणजे पॉक्सो, चर्चलाही लागू आहे, आणि असा प्रकार कळला तर पोलिसांना कळवणं कायद्यानं बंधनकारक आहे. 'मंडळीची बदनामी होईल, आपसात मिटवू' असं कोणी म्हणालं तर तुमचं मूल तिथे पाठवू नका. माझ्या वर्गाचं दार उपासनेच्या वेळी उघडं असतं. आवाज येतो, लोक वळून बघतात. बघू देत.

११. मी ख्रिस्ती, नवरा हिंदू. विशेष विवाह कायद्यानं लग्न झालंय. मुलं दोन्हीकडे जातात. त्यांचा गोंधळ होईल का?

बायबलमधला तीमथ्य हा प्रेषित पौलाचा तरुण सहकारी. त्याची आई विश्वास ठेवणारी यहुदी आणि बाप हेल्लेणी, म्हणजे ग्रीक, होता. पौल त्याला पत्र लिहितो तेव्हा त्याची आजी लोईस आणि आई युनीके यांची नावं घेतो. म्हणजे अशा घरातून विश्वास पुढे जातो, आणि पुष्कळदा आजीच्या हातून.

दोन पथ्यं सांगते. मुलांच्या बाप्तिस्म्याचं नवऱ्याला अंधारात ठेवून काही करू नका. चोरून केलेला संस्कार मुलाच्या वाट्याला ओझं म्हणून येतो. आणि सासरच्या देवांची टिंगल घरात होऊ देऊ नका. गणपतीत सासूबाईंकडे मदत करा, उकडीचे मोदक वळा. आरतीच्या वेळी मुलानं काय करायचं ते आधीच ठरवून जा. नैवेद्याचे पदार्थ खावेत की नाही याबद्दल मंडळ्यांमध्ये मतभेद आहेत. बायबलमधल्या करिंथकरांस पहिल्या पत्राचा आठवा आणि दहावा अध्याय नवऱ्यासोबत बसून वाचा, तुमच्या पाळकांशी बोला, आणि एकदा ठरलं की दर वर्षी बदलू नका. मुलाला गोंधळात टाकतं ते आईचं दरवर्षी वेगळं वागणं.

१२. शाळेच्या दाखल्यावर हिंदू आणि अनुसूचित जात, घरात मात्र बायबल. मुलगा विचारतो, 'आपण नक्की कोण?' काय सांगू?

खरं सांगा, त्याच्या वयाला झेपेल तसं. अनुसूचित जातींविषयीच्या १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात ही ओळख फक्त हिंदूंपुरती ठेवली गेली. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती झालेले दलित बाहेर राहिले. गावाच्या वेशीबाहेरचं घर धर्म बदलल्यानं आत आलं नाही, सवलत मात्र गेली. यातून कित्येक घरांत दोन ओळखी जगल्या जातात. हा अन्याय आहे असं मी मानते. या मागणीचा विचार करायला केंद्रानं २०२२ मध्ये न्यायमूर्ती बालकृष्णन आयोग नेमला.

पण धोकाही सांगायला हवा. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं एका प्रकरणात ख्रिस्ती आचरण करणाऱ्या महिलेला हिंदू म्हणून अनुसूचित जातीचा दाखला नाकारला. काय करायचं हा निर्णय वकिलाला विचारून तुम्हीच घ्यायचा. मंडळीत कोणी यावरून तुम्हाला हिणवलं तर त्याला त्याच्या आजोबांचा दाखला दाखवायला सांगा. मुलाला मात्र 'बाहेर सांगू नकोस' एवढंच बोलून सोडू नका. आपले पणजोबा कोणत्या गावचे, त्यांनी बाप्तिस्मा का घेतला, पाण्यासाठी त्यांना कुठे थांबावं लागायचं, ही गोष्ट त्याला सांगा. विचारतोय तो तीच.

१३. आमची मुलगी स्वमग्न आहे. पाठांतर जमत नाही. तिला दृढीकरण (बाप्तिस्म्याचं वचन स्वतः घेण्याचा विधी) आणि प्रभुभोजन मिळेल का?

आमच्याकडे मिळालं आहे. एका मुलाला प्रेषितांचा मतांगीकार (विश्वासाची ठरलेली कबुली) म्हणता येत नव्हता. बिशपांनी प्रश्न विचारल्यावर त्यानं वधस्तंभाकडे बोट दाखवलं, आणि ते उत्तर धरलं गेलं. पाळकसाहेबांना सहा महिने आधी भेटा. रिकाम्या चर्चमध्ये तिला दोन-तीनदा फिरवून आणा, घंटेचा आणि माइकचा आवाज ओळखीचा होऊ द्या. कोणी नकार दिला तर कारण लेखी मागा. बहुधा लिहायला बसल्यावर कारण सापडत नाही.

१४. मुलगी मित्रमैत्रिणींबरोबर दुसऱ्या फेलोशिपला (ख्रिस्ती प्रार्थनागटाला) जाते. अडवू का?

एकदा तिच्याबरोबर जाऊन बघा. ख्रिस्ताचं नाव घेतलं जातं, पैशासाठी दडपण नाही, घरच्यांशी संबंध तोडायला सांगत नाहीत, एवढं असेल तर अडवू नका. तिथे तिला नावानं हाक मारतात का ते विचारा. आपल्याकडे दारात सलाम घालणारे पंधरा जण तिला 'अमक्याची मुलगी' म्हणून ओळखतात. मग प्रश्न ७ पुन्हा वाचा.

१५. दृढीकरण पुढच्या महिन्यात आहे. पत्रिका छापल्या, हॉल ठरला, आणि मुलगा म्हणतो, 'माझा विश्वास नाही, मी खोटं बोलणार नाही.' आता?

खोटं बोलणार नाही म्हणतोय, म्हणजे वर्गात तो झोपत नव्हता. दृढीकरणात बाप्तिस्म्याचं वचन स्वतःच्या तोंडानं घ्यायचं असतं. दुसऱ्यानं ढकलून घ्यायला लावलं तर त्याचा उपयोग काय? पुढच्या वर्षी बिशप पुन्हा येतील. येशू पुन्हा उठला हे त्याच्या जखमा पाहिल्याशिवाय मानणार नाही, असं शिष्य थोमानं म्हटलं, तरी बाकीच्या शिष्यांनी त्याला खोलीबाहेर काढलं नव्हतं. आठ दिवसांनी तो त्यांच्यातच बसलेला होता. मुलालाही तसाच बसू द्या: चर्चला यायचं, थैली फिरवायची, वाद घालायचे. वाद घालायला तुमच्यापेक्षा दुसरं कोणीतरी बरं, म्हणजे त्याचे धर्मपिता (प्रश्न ३), किंवा मंडळीतला एखादा असा माणूस ज्याला स्वतःला कधी शंका आल्या होत्या. असे बरेच आहेत, विचारल्याशिवाय सांगत नाहीत.

नातेवाइकांना फोन करून 'यंदा नाही' एवढंच सांगा. हॉलचे पैसे परत मिळत नसतील तर आजीचा पंच्याहत्तरावा उरकून घ्या, आणि केक कापायच्या आधीचं भजन त्याला पेटीवर वाजवायला सांगा.